पंचवीसपैकी नऊ

लष्कर, ग्वाल्हेर
११ ऑगस्ट २०२४

चि. अभिराम,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कपाटात टाकशील अशी शंका आहे, म्हणून पत्ता मुद्दाम छापील अक्षरांत काढला. त्रेसष्टाव्या वर्षी मोठ्या बहिणीला असले डाव करायला लावतोस, धन्य आहे तुझी.

फोन तू उचलत नाहीस. बाबांचं तेरावं झालं, तू टॅक्सीत बसलास, त्यानंतर आठ महिने माझी एकही रिंग तू घेतलेली नाहीस. भांडण उकरून काढायला हे लिहीत नाही. मला एक गोष्ट कळली आहे, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय माझं कोणी नाही.

मला कमी ऐकू येतं हल्ली. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, पोरांच्या गोंगाटाने कान किटले आहेत, येतील ताळ्यावर. आले नाहीत. कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या, दूधवाला दोनदा दारातून परत गेला. शेवटी गेल्या महिन्यात बाड्याच्या चौकाजवळच्या त्याच दवाखान्यात गेले, जिथे बाबांना नेलं होतं. शिखा नावाची मुलगी आहे तिथे आता. तिने काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाली, "आंटी, मैं एक-एक शब्द बोलूँगी. आपको जो सुनाई दे, वही दोहराना है."

पहिला शब्द आला, प्याज. मी म्हटलं, "कांदा."

शिखा हसली. "आंटी, जो सुना वही बोलिए. ट्रांसलेट नहीं करना है."

मी पण हसले. दुसरा शब्द आला, तो नीट हिंदीत सांगितला. तिसराही सांगितला. चौथ्या शब्दाला मला बाबांची तपासणी आठवली आणि मी खुर्चीतून उठायलाच लागले. शिखा हेडफोन काढून पाणी घेऊन आली, तिला वाटलं बीपी आहे.

आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी. बाहेरून कोणी हिंदी शब्द घेऊन आलं की बाबा तो दारातच परत करायचे. "ताई, प्याज दे" असं तू म्हणालास की ताटावरची मान न उचलता, "कांदा म्हण." बारिश म्हटलं की, "पाऊस म्हण." रागावून कधी नाही, तोंडाला सवयच तशी पडलेली. आपण त्याचा खेळ केला होता. एका उन्हाळ्यात तू सलग चाळीस शब्द फेकलेस आणि बाबांनी दाढी करता करता चाळीसही परत केले, त्या नादात गाल कापून घेतला.

घरी आले आणि त्यांची फाइल काढली. नोव्हेंबर २०२१ चा कागद, बाबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. त्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. आत तपासणारे गृहस्थ वेगळे होते, नुकतेच दुसऱ्या गावाहून आलेले. कागदाच्या तळाशी निकाल होता : पंचवीसपैकी नऊ. पुढे लिहिलं होतं, "आवाज़ सुनाई देती है, शब्द समझ में नहीं आते. मशीन से लाभ नहीं होगा." मी ती खालची ओळ वाचली आणि कागदाची घडी घातली. छत्तीस वर्षं गणित शिकवताना घसा फोडून सांगितलं की नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखवा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी उत्तरच वाचलं.

पायऱ्या वर लिहिलेल्या होत्या. डाव्या रकान्यात विचारलेला शब्द, उजवीकडे पेशंटने काय म्हटलं ते. प्याज, त्यापुढे "कांदा म्हन". आलू, "बटाटा म्हन". बिल्ली, मांजर. चाबी, किल्ली. चिड़िया, चिमणी. झाड़ू, केरसुणी. बारिश, पाऊस. प्रत्येकापुढे लाल फुली. बिचाऱ्याला वाटलं असेल की म्हातारा काहीच्या बाही बडबडतो आहे. ज्या नऊ शब्दांना बरोबरची खूण आहे ते नाक, कान, घर, गाय असे, दोन्ही भाषांत एकच असलेले. फुल्या सोळा. सोळाही शब्द मी पेन्सिलने तपासले, मग शाईने तपासले.

अभिराम, बाबांना सगळं ऐकू येत होतं, आणि समजतही होतं.

याच्यापुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. मला आज ते लिहिवत नाही. दोन ओळींचं का होईना, उत्तर दे.

तुझी
ताई

लष्कर
२ सप्टेंबर २०२४

चि. अभिराम,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणी रुसलास की जिन्याखाली जाऊन बसायचास आणि आई म्हणायची, त्याला हाका मारू नका, भूक लागली की येईल. मी थांबले असते, पण आता माझ्याच्याने थांबवत नाही.

दवाखान्यातून निघालो तेव्हा रिक्षात बसल्याबसल्या मी तुला फोन लावला होता, आठवतं? बाबा माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागलेला. गोरखीच्या वळणावर गर्दी होती म्हणून मी ओरडून सांगितलं, "संपलं रे, आता त्यांच्याशी बोलून काही उपयोग नाही." रिक्षावाल्याने पण मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून बाबांनी बोलणं सोडलं. हूं नाही की चूं नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, कागदावर लिहिलंय तसंच झालं. ज्याच्याशी बोलून उपयोग नाही असं पोटच्या लेकीनेच ठरवून टाकलं, त्याने बोलायचं तरी कशाला? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आज पडतो.

गंमत बघ. त्याआधी आपण दोघं कायम म्हणायचो, बाबा ऐकत नाहीत. चहात साखर घालू नका म्हटलं तरी ऐकत नाहीत, जिना उतरू नका म्हटलं तरी ऐकत नाहीत. त्या कागदानंतर मी तेच शब्द म्हणत राहिले, पण आता लोक कीव करून मान हलवायचे. हट्टी म्हाताऱ्याचा मी दोन दिवसांत ठार बहिरा करून टाकला.

आता तो रविवार. फेब्रुवारी २०२२, सकाळचे अकरा. तू त्यांना नाशिकला न्यायचं म्हणत होतास, पण घर लहान, मधूची नोकरी, जिना, तुझी नेहमीची यादी चालली होती. फोन स्पीकरवर होता कारण मी मटार सोलत होते. मी काय बोलले ते तू ऐकलंसच, तरी माझ्या हाताने एकदा लिहून काढते. मी म्हटलं, "नेणार असशील तर ने, नाहीतर कुठल्या आश्रमात ठेव. माझा जन्म गेला यांच्यापायी. देव कसा नेत नाही यांना." तू विचारलंस, "ताई, बाबा कुठे आहेत?" मी म्हटलं, "हे काय, समोर. ओंडका आहे नुसता. काही कळत नाही त्यांना, कागद आहे माझ्याकडे."

"त्यांच्यासमोर बोलू नकोस," म्हणून तू फोन आपटलास. बाबांनी हात पुढे करून वाटीतले दोन दाणे उचलले आणि तोंडात टाकले. तेवढ्यावरून मी ठरवलं की त्यांनी ऐकलं नाही.

कुठल्या तोंडाने माफी मागू आणि कोणाकडे? तू मला त्याच दिवशी सांगितलं होतंस, त्यांच्यासमोर बोलू नकोस. तू बरोबर होतास. हे मी पहिल्यांदा लिहिते आहे आणि लिहिताना मला कमी लाज वाटत नाही.

ताई

लष्कर
१९ सप्टेंबर २०२४

चि. अभिराम,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिल्याचा आव आणला. सगळं लिहिलं नव्हतं.

बाबांना कळत नाही असं एकदा ठरल्यावर मी त्यांच्याशी बोलायला लागले. आधी नव्हते बोलत. त्यांचं-माझं बोलणं म्हणजे औषध घेतलं का, गॅस बंद आहे का, लाइटबिल आलं का. आता शाळेतून आले की त्यांच्या पायांना तेल लावायचं आणि तोंड सोडायचं. मुख्याध्यापिकेला शिव्या, तुला शिव्या, आईची आठवण. कधी त्यांनाच शिव्या. भिंतीशी बोलावं तसं बोलत होते मी. जन्मात कोणापाशी बोलले नाही ते सगळं त्या खुर्चीसमोर बोलून झालं.

त्यात इंदूरचं होतं.

तुला वाटत आलंय की १९९४ मध्ये मला इंदूरच्या कॉलेजात नोकरी लागली होती आणि बाबांनी जाऊ दिलं नाही. मीच तुला तसं सांगितलं होतं. मी म्हणाले होते, "बाबा स्पष्ट नको म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं." त्यावरून तू बाबांशी वर्षभर धड बोलला नाहीस. नंतर कधीही खटका उडाला की तू म्हणायचास, ताईचं आयुष्य तुम्ही बांधून ठेवलंत. बाबा गप्प बसायचे.

बाबा नको म्हणाले नव्हते. त्यांना पत्र आल्याचंच माहीत नव्हतं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं, मी वाचलं, आणि मला धडकी भरली. परकं गाव, मोठी मुलं, फळ्यावर चुकले तर हसतील. मुदत जाईपर्यंत मी ते पत्र गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. मग लोक विचारायला लागले तेव्हा वडिलांचं नाव पुढे केलं, कारण ते खपतं. माझी कीव करायला सगळे तयारच होते. तू सगळ्यात जास्त.

हे मी बाबांना २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलं, तेल लावता लावता. सांगितलं म्हणजे बोलले. त्यांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपले.

आता तुला एक विचारायचं आहे आणि त्याचं खरं उत्तर हवं आहे. त्याच वर्षी दसऱ्यानंतर तू दोन दिवसांसाठी आला होतास. मी शाळेत, तू त्यांच्याजवळ. गेल्यावर तुझे फोन जवळजवळ बंदच झाले, मला वाटलं मटाराच्या दिवसाचा राग आहे. त्या दोन दिवसांत बाबा तुझ्याशी काही बोलले होते का? तुला काही माहीत असेल तर माझ्यापासून लपवू नकोस. ऐकायची माझी तयारी आहे, कान नसले तरी.

कान खरंच जात चालले आहेत. कुजबुज आधीच गेली होती, त्याचं दुःख नाही, शाळेच्या स्टाफरूममध्ये ती नकोच असायची. पण चाहूलही गेली. कोणी खोलीत आलं की ते माझ्यापुढे उभं राहीपर्यंत मला कळत नाही. हाक तेवढी ऐकू येते अजून, आणि या घरात हाक मारणारं कोणी नाही.

ताई

नाशिक
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताई,

तिन्ही पत्रं मिळाली, तिन्ही वाचली. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, जे आहे ते सरळ लिहितो.

मला माहीत होतं. पहिल्याच सकाळी कळलं. तू शाळेत गेलीस, मी किचनमधून जुन्या खेळाच्या सवयीने ओरडलो, "बाबा, चाय बनाऊँ?" आणि आतून आवाज आला, "चहा म्हण." माझ्या हातातलं पातेलं पडलं. मी आत जाऊन त्यांच्या पायांशी बसलो आणि रडलो. ते म्हणाले, "अरे, आधी दूध पूस जमिनीवरचं."

दोन दिवस बोलले ते, पण तू घरात नसतानाच. म्हणाले, सुरुवातीला राग होता. लेक म्हणते बोलून उपयोग नाही, तर नाही बोलत, जा. आठ-पंधरा दिवसांनी राग गेला, पण तोवर तू बोलायला लागली होतीस. मी म्हटलं, मी आत्ता ताईला सांगतो, मशीन घेऊ. त्यांनी माझा हात धरला. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो : "सांगशील तर माझी शपथ आहे. साठ वर्षं ही पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलली. आता रोज संध्याकाळी बोलते. मी एकदा हूं म्हटलं की संपलं, परत तोंड उघडायची नाही."

मटाराच्या दिवसाचं मी विचारलं. तेही ऐकलं होतं. म्हणाले, "दिवसभर शाळा, मग माझं हगणं-मुतणं, ती काय आरती म्हणेल? देव नेत नाही हे मलाही रोज वाटतं. ती म्हणाली, मी म्हणत नाही."

आणि इंदूर. ते तू आता सांगितलंस, मला त्यांच्याकडून तेव्हाच कळलं होतं. म्हणाले, "बरं झालं बोलली. मला इतकी वर्षं वाटायचं की मीच कधीतरी नको म्हणालो असेन आणि विसरलो असेन." ताई, खरं सांगतो, हे ऐकून मला तुझा भयंकर राग आला. त्यांनी अठ्ठावीस वर्षं ते स्वतःवर घेतलं होतं, आणि माझंही ऐकून घेतलं होतं.

पण फोन बंद केला तो त्या रागाने नाही. तुझा आवाज ऐकला असता तर मी शपथ मोडून सांगून टाकलं असतं. ते गेल्यावर सांगायला हवं होतं, तेव्हा वाटलं, आता सांगून ताईला का मारायचं. माझीही चूक आहे. शपथ मोडली असती तर निदान एक वर्ष तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला असता. मधू म्हणते हेच आधी लिही, मी शेवटी लिहितोय.

अभिराम

लष्कर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अभिराम,

पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर बरं वाटलं, हे कबूल करते. त्यांनी ऐकलं, त्यांना माझा राग नव्हता, संध्याकाळची वाट बघायचे. दिवसभर मी घरात हलकी होऊन फिरले, खीरसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मला बाबांचा राग आला. असा राग आला की हातातलं भांडं आपटलं. दोन वर्षं समोर बसून सगळं ऐकत राहिले, आणि मी आपली बोलते आहे, बोलते आहे. एकदा तरी म्हणायचं होतं, अपर्णा, गप्प बस, किंवा अपर्णा, ये इकडे. मी बंद झाले असते, खरं आहे. चार दिवस तोंड दाखवलं नसतं. पाचव्या दिवशी मी आले असते रे. माझ्यावर तेवढा विश्वास ठेवायला हवा होता त्यांनी.

मग राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं आहे ते जात नाही. मी त्यांच्यासमोर काय काय बोलले याचीच मोजदाद मी करत बसले होते. काल लक्षात आलं की दोन वर्षांत मी त्यांना एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला कोणी विचारत नाही. भात हवा का म्हणून विचारलं नाही, वाढला. दाढी करू का म्हटलं नाही, केली. दिवा आपल्याच मनाने लावला, आपल्याच मनाने घालवला. माझं सगळं त्यांना माहीत होतं, जाताना ते सोबत घेऊन गेले. त्यांचं मला काहीच माहीत नाही.

तुला दोन दिवस मिळाले. मला त्यातले चार शब्द लिहून पाठवलेस, त्याने माझं भागत नाही. दिवाळीला ये. मधूला घेऊन ये किंवा एकटा ये, पण राहायला ये. ते काय काय म्हणाले ते सगळं सांग, कंटाळवाणं असेल तेही. मी मध्ये बोलणार नाही. मला ऐकू येईल असं मोठ्याने सांग म्हणजे झालं. शिखाने माझ्या कानांत मशीन बसवून दिलं आहे, पण अजून त्याची सवय व्हायची आहे.

एक प्रश्न मात्र आत्ताच विचारते, दिवाळीपर्यंत माझ्याने धीर धरवणार नाही. त्यांचा पलंग मी उत्तरेच्या खिडकीखाली लावला होता, उजेड चांगला येतो म्हणून. त्या खिडकीची एक झडप नीट बसत नाही, तुला माहीत आहे, आणि जानेवारीत आपल्याकडे काय थंडी पडते तेही माहीत आहे. ते दोन हिवाळे तिथे झोपले. मी माझ्या मनाने एक रजई वाढवली होती.

त्यांना तिथे थंडी वाजत होती का रे? तुला काही बोलले होते का?

ताई